बाण आधी की आवाज आधी?

पोलादपूरहून कुडपणला जायचे म्हणजे सह्याद्रीच्या अंगावर चढत जावे लागते. रायगड जिल्ह्याच्या टोकाचे, सातारा आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या हद्दींजवळचे हे गाव. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यातले, आणि कुडपण शेलारमामांचे गाव म्हणून ओळखले जाते. पावसाळ्यात येथला धबधबा पाहायला हल्ली बरीच माणसे येतात. आपल्याला मात्र काम आहे ते गावाभोवतीच्या रानाशी. वर अंजनी, जांभूळ, हिरडा यांची झाडे, खाली कारवीची दाटी आणि उतारावर जागोजागी ओढे. अशा रानात वीस-पंचवीस पावलांपलीकडचे नीट दिसत नाही. या डोंगरपट्ट्यात हरणांपैकी सांबर आणि भेकर राहतात. भेकर लहान, वीस-पंचवीस किलोंचे, बहुधा एकटे हिंडणारे. धोका वाटला की कुत्र्यासारखे भुंकते. सांबर मोठे, पूर्ण वाढलेला नर दोनशे किलोंच्याही पुढे जातो.

आता कल्पनेने एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. काळ जुना, या रानात बंदूक पोचली नव्हती तेव्हाचा. ओढ्याकाठच्या उघड्या जागी एक भेकर चरत आहे. तेथून वीस मीटरांवर झाडाआड एक तिरंदाज उभा आहे. हात कसलेला, एवढ्या अंतरावर ठेवलेल्या नारळाला त्याचा बाण दहापैकी दहा वेळा लागतो. वारा पडलेला आहे. भेकर आडवे उभे आहे. तो नेम धरतो, दोरी सोडतो, आणि बाण भेकराच्या पाठीवरून निघून जातो. हात हलला नव्हता, बाण वाकडा नव्हता. मग झाले काय?

याचे उत्तर तुम्ही शाळेत शिकता त्या गतीच्या सूत्रांत आहे. आणि ते एकदा समजले, की नारळावर किती अंतरावरून बाण मारावा आणि जिवंत प्राण्यावर किती अंतरावरून, हे दोन अगदी वेगळे प्रश्न का आहेत तेही कळते. पहिला प्रश्न तिरंदाजाच्या कसबाचा आहे. दुसऱ्यात त्या प्राण्याच्या वेदनेचा हिशेब येतो.

गैरसमज नको म्हणून एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आपल्या देशात हरणाची शिकार हा गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली. त्या कायद्यात परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करण्याची जी वाट शिल्लक होती, तीही १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. तेव्हा पुढचे सारे वाचायचे ते विज्ञान म्हणून. तीरकमठा घेऊन रानात शिरण्यासाठी नव्हे.

दोरीचा टणत्कार

रामायण-महाभारताच्या कथांत धनुष्याच्या टणत्काराने दाही दिशा दुमदुमतात. त्यातली अतिशयोक्ती सोडून दिली, तरी धनुष्य आवाज करते हे खरेच. का करते?

धनुष्य ताणताना आपण स्नायूंची शक्ती खर्च करतो. ती वाकलेल्या कामठीत स्थितिज ऊर्जेच्या रूपाने साठते. दोरी सोडली की तिचा मोठा भाग बाणाला मिळतो, परंतु सगळा नाही. बाण निघून गेल्यावर दोरी आणि धनुष्याची दोन्ही टोके हादरत राहतात. या कंपनांपैकी काही भाग हवेत ध्वनी होऊन पसरतो. बाण जितका हलका, तितका तो वेगाने जातो, पण तितकीच जास्त ऊर्जा धनुष्यात मागे राहते आणि आवाज मोठा होतो. जड बाण वापरला तर आवाज दबतो, पण वेग कमी होतो. रिकाम्या धनुष्याची दोरी ताणून सोडू नये असे तिरंदाजीचे शिक्षक बजावतात ते याच कारणाने: सगळी ऊर्जा धनुष्यातच राहिली तर ते तडकू शकते.

म्हणजे दोरी सुटताच दोन गोष्टी एकाच क्षणी हरणाकडे निघतात. एक बाण आणि दुसरा आवाज. या दोघांची शर्यत कोण जिंकते?

ध्वनीचा हवेतला वेग तापमानावर अवलंबून असतो. शून्य अंशाला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरने वाढतो. डोंगरावरच्या गार सकाळी तो ३४० धरायला हरकत नाही. बाणाचा वेग धनुष्यानुसार बदलतो. बांबूच्या साध्या कमठ्याचा बाण सेकंदाला ४० मीटर वेगाने जातो असे आपण गणितापुरते धरू, चांगल्या मजबूत धनुष्याचा ६० मीटर आणि चाकांवरून दोरी फिरवलेल्या आजच्या ‘कंपाउंड’ धनुष्याचा ९० मीटर. यांतला सर्वांत वेगवान बाणसुद्धा आवाजाच्या जवळपास एक चतुर्थांश वेगाने जातो. त्यामुळे शर्यतीचा निकाल आधीच ठरलेला. टणत्कार नेहमी बाणाच्या पुढे असतो.

आपल्या तिरंदाजाचे धनुष्य ६० मीटरवाले समजू. वीस मीटर जायला आवाजाला २० भागिले ३४०, म्हणजे सुमारे ०.०६ सेकंद लागतो. बाणाला लागतो ०.३३ सेकंद. भेकराच्या कानावर आवाज पडला तेव्हा बाण अजून सोळा मीटर लांब असतो. तो पोचेपर्यंत भेकराच्या हाती पाव सेकंदाहून थोडा अधिक वेळ आहे.

पाव सेकंदात काय होते?

माणसाला हा वेळ फारच थोडा वाटतो. तो किती थोडा आहे हे वर्गातच मोजता येते. मित्राला एक फूटपट्टी उभी धरायला सांगा. तिच्या शून्याच्या खुणेपाशी अंगठा आणि तर्जनी उघडी ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडायची आणि तुम्ही ती चिमटीत पकडायची. बहुतेकांच्या चिमटीत ती पंधरा ते वीस सेंटीमीटर खाली आल्यावर सापडते. खाली पडणारी वस्तू पहिल्या ०.१७ सेकंदात सुमारे १५ सें.मी. आणि ०.२० सेकंदात सुमारे २० सें.मी. पडते. हा झाला तुमचा प्रतिक्रिया-काल. आता डोळे मिटून, पट्टी सोडताना मित्राला ‘हं’ म्हणायला सांगून तोच प्रयोग करा. ऐकून होणारी प्रतिक्रिया बहुधा पाहून होणाऱ्या प्रतिक्रियेपेक्षा थोडी लवकर होते. मैदानी शर्यतींच्या नियमांत तर असे धरले आहे, की पिस्तुलाच्या आवाजानंतर ०.१० सेकंदाच्या आत जो धावपटू हलला तो आवाज ऐकून हललाच नाही, आधीच निघाला.

पण दचकणे ही गोष्ट निराळी. पाठीमागे फटाका वाजला तर तुम्ही ‘आता दचकू या’ असे ठरवत नाही. कानाकडून आलेला संदेश मेंदूच्या विचार करणाऱ्या भागापर्यंत जाऊन परत यायची वाट पाहत नाही. मेंदूच्या बुडाशी असलेल्या भागातूनच तो स्नायूंकडे वळतो. ही प्रतिक्षिप्त क्रिया. धावपटूच्या ठरवून केलेल्या हालचालीपेक्षा ती वेगवान असते. हरणाचे सारे आयुष्य या क्रियेवर तरलेले आहे. बिबट्या दबा धरून अगदी जवळ येतो आणि शेवटची झेप काही पावलांची घेतो. एखादी काडी मोडल्याचा आवाज ऐकून जे हरीण विचार करीत उभे राहिले, त्याची पाडसे मागे राहिली नाहीत. जे आधी उसळले आणि मग वळून पाहिले, त्याचा वंश चालला.

आता खरी गंमत पाहा. उसळण्यासाठी हरणाला आधी काय करावे लागते? तुम्ही जागेवरून उंच उडी मारून पाहा, गुडघे न वाकवता. जमणार नाही. उडीपूर्वी पाय दुमडावे लागतात आणि शरीर खाली न्यावे लागते. बेडूक तर कायमच दुमडलेला बसतो. उभे हरीण दचकले की चारही पाय क्षणात सैल सोडते, छाती खाली येते, आणि मग दुमडलेल्या पायांच्या जोरावर ते उसळी घेते. बाण नेमका छाती खाली आलेली असताना पोचतो आणि पाठीवरून जातो. पाहणाऱ्याला वाटते, हरणाने बाण चुकवला. हरणाला बाण ठाऊकच नसतो. त्याने तो पाहिलेला नाही, आणि पाहिला असता तरी तो काय आहे हे त्याला कळले नसते. ते पळायची तयारी करीत होते, एवढेच.

खाली येण्याचे गणित

हरीण किती वेगाने खाली येऊ शकते? येथे निसर्गाने एक मर्यादा घातली आहे. हरणाचे खूर जमिनीला घट्ट बांधलेले नसतात, त्यामुळे ते जमिनीला धरून स्वतःला खाली खेचू शकत नाही. फार तर ते पायांचा आधार काढून घेऊ शकते. मग खाली आणण्याचे काम गुरुत्वाकर्षण करते. म्हणून त्याची छाती जास्तीत जास्त सुटलेल्या दगडाच्या त्वरणाने, म्हणजे ९.८ मीटर प्रतिसेकंद प्रतिसेकंद या त्वरणाने खाली येईल. सूत्र तुमच्या ओळखीचे: पडण्याचे अंतर = ½ × गुरुत्वत्वरण × काळाचा वर्ग.

कानावर आवाज पडल्यापासून पाय सैल होईपर्यंत ०.१० सेकंद जातो असे समजू. आपल्या प्रसंगात बाणाचे ०.३३ सेकंद, त्यातून आवाजाचे ०.०६ आणि दचकण्याचे ०.१० वजा केले की ०.१७ सेकंद उरतात. तेवढ्यात छाती सुमारे १५ सें.मी. खाली येते. भेकराच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग असतो हाताच्या पंज्याएवढा. बाण त्यावरून गेला यात नवल नाही.

हेच गणित दहा मीटरांसाठी करा. बाणाला ०.१६७ सेकंद, आवाजाला ०.०२९. दचकणे वजा केल्यावर उरतात जेमतेम ०.०३८ सेकंद, आणि छाती एक सेंटीमीटरसुद्धा खाली येत नाही. आता तीस मीटर घ्या. उरलेला काळ ०.३१ सेकंद, आणि पडण्याचे अंतर सुमारे ४८ सें.मी. भेकराचे पाय मुळी इतके लांब नाहीत. तोवर ते दुमडून, उसळून, वळून निघालेले असते. अंतर तिप्पट झाले, पण छातीचे खाली येणे सुमारे सत्तरपट झाले. काळाचा वर्ग करतो त्याचा हा परिणाम. ‘आणखी दहा पावलांनी काय बिघडते?’ असे म्हणणाऱ्याने हे आकडे एकदा कागदावर मांडून पाहावेत.

तुमच्यापैकी काहींना भौतिकीतले ते प्रसिद्ध माकडाचे उदाहरण आठवले असेल. झाडाच्या फांदीला लोंबकळणाऱ्या माकडावर कोणी सरळ नेम धरतो. नेमके त्याच क्षणी माकड फांदी सोडते. आणि तरीही त्याला लागते, कारण सुटलेली वस्तू आणि माकड दोन्ही सारख्याच काळात सारखेच अंतर पडतात. मग भेकराला का लागत नाही? दोन कारणे आहेत. पहिले, माकडाच्या उदाहरणातला नेमबाज सरळ माकडाकडे रोखतो. आपला तिरंदाज मात्र बाण वाटेत सुमारे ५४ सें.मी. पडणार हे सवयीने जाणतो आणि तेवढा वर रोखतो. दुसरे, माकड पहिल्या क्षणापासून पडते, भेकर ०.१६ सेकंद उशिरा. बाणाचे पडणे ठरलेले आहे, त्याची भरपाई करता येते. भेकराच्या पडण्याची भरपाई कशी करणार? ते दचकेल की नाही, हेच आधी ठाऊक नसते. न दचकलेल्या भेकरावर खाली नेम धरला, तर बाण पायावर बसायचा.

साध्या कमठ्याचा बाण ४० मीटर वेगाचा धरला, तर दहा मीटरांवरच छाती ७ सें.मी. खाली येते आणि पंधरा मीटरांवर २६ सें.मी. रायगड जिल्ह्यातल्या कातकऱ्यांना तीरकमठा आणि बेचकी ही साधने पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. शिकार हा त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, हौसेचा नव्हता. अशा हत्याराने पोट भरायचे तर दूरवरून बाण सोडून भागत नाही. वाऱ्याची दिशा सांभाळत, पाला न वाजवता, जनावराच्या वाटेवर तासन् तास बसून राहणे, यातच खरी विद्या असते. बाण सोडणे हा तिचा सर्वांत सोपा भाग. आणि कुडपणसारख्या रानात लांबवर दिसतच नसल्यामुळे ती जवळीक रानच भाग पाडते.

आता उलट टोकाचे उदाहरण घेऊ. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कंपाउंड प्रकारात महाराष्ट्राच्या दोघांनी वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली: महिलांत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि पुरुषांत नागपूरचा ओजस देवतळे. ओजसने अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण घेतले. म्हणजे पन्नास मीटरांवरच्या आठ सेंटीमीटर व्यासाच्या वर्तुळात पंधराच्या पंधरा बाण! याहून अचूक हात कुठून आणणार? पण ९० मीटर वेगाचा बाणसुद्धा पन्नास मीटर जायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ घेतो. त्यात दचकलेल्या हरणाची छाती सुमारे ४७ सें.मी. खाली येऊ शकते. आठ सेंटीमीटरचे कसब आणि सत्तेचाळीस सेंटीमीटरची अनिश्चितता! लक्ष्याच्या चकतीला कान नसतात, म्हणून तेथे पन्नास मीटर हे योग्य अंतर आहे.

बंदुकीच्या गोळीला ही अडचण येत नाही. रायफलीची गोळी ध्वनीच्या दुप्पट-तिप्पट वेगाने सुटते. ती आधी पोचते, आवाज मागून येतो. हा प्रश्न धनुष्याचाच आहे, आणि धनुष्याइतकाच जुना.

चुकलेला बाण बरा, की अर्धवट लागलेला?

पाठीवरून गेलेल्या बाणाने भेकराचे काहीच बिघडत नाही. ते भुंकत निघून जाते. खरी काळजी त्या बाणाची, जो पाच-दहा सेंटीमीटरांनी चुकतो.

पंचवीस ग्रॅम वजनाचा बाण सेकंदाला ६० मीटर वेगाने जाताना त्याची गतिज ऊर्जा भरते ४५ ज्यूल. आता क्रिकेटचा चेंडू घ्या. वजन १६० ग्रॅम. शाळेच्या संघातल्या गोलंदाजाने तो ताशी ९० किलोमीटर वेगाने टाकला तर त्याची ऊर्जा होते ५० ज्यूल. म्हणजे बाणाचा ‘दणका’ शाळकरी गोलंदाजाच्या चेंडूहून मोठा नाही! सिनेमात बाण लागताच माणूस चार हात मागे फेकला जातो, ते सारे खोटे. बाण धक्क्याने मारत नाही. तो कापतो, आणि रक्त वाहून गेल्याने प्राणी मरतो. हृदय किंवा दोन्ही फुप्फुसे कापली गेली तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. बाण पोटात, मांडीत किंवा खांद्याच्या हाडात बसला तर तसे होत नाही. प्राणी धावत सुटतो, दाटीत शिरतो, आणि तेथे काही तास, कधी काही दिवस तडफडतो. कारवीच्या रानात तो सापडणेही कठीण.

म्हणूनच ज्या देशांत धनुष्याने हरणाची शिकार आजही कायदेशीर आहे, उदाहरणार्थ अमेरिकेत, तेथे जबाबदार शिकारी स्वतःवर अंतराची मर्यादा घालून घेतात. पुष्कळांच्या बाबतीत ती वीस-तीस मीटरांच्या आसपास असते, आणि चकतीवर साठ मीटरांपर्यंत अचूक मारणारेही ती पाळतात. अंतराइतकेच ते हरणाच्या अवस्थेकडे पाहतात. मान खाली घालून निवांत चरणारे हरीण आणि मान वर, कान टवकारून उभे असलेले हरीण, यांत फार फरक आहे. दुसऱ्याचे स्नायू आधीच ताणलेले असतात. अशा हरणावर जवळूनही बाण सोडू नये, असे जाणते शिकारी सांगतात. ओढ्याच्या किंवा धबधब्याच्या खळखळाटात टणत्कार बुडून जातो हे खरे. पण नीट ऐकू येत नाही अशा जागी हरीण अनेकदा अधिकच बिचकते आणि वरचेवर मान उचलून पाहते.

या मर्यादा पुरेशा आहेत का, यावर मतभेद आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये १९६३ च्या हरीणविषयक कायद्याने हरणावर बाण मारण्यालाच मनाई झाली. तेथे बंदुकीने शिकार चालते, धनुष्याने नाही. मला स्वतःला हा निर्णय पटतो. वर केलेल्या गणितात दचकण्याचे ०.१० सेकंद आपण धरून चाललो. प्रत्यक्ष हरीण त्या दिवशी किती वेळ घेईल, हे कोणत्याच तिरंदाजाला सांगता यायचे नाही. त्या अनिश्चिततेची किंमत मोजणारा मात्र नेहमी दुसराच असतो.

दशरथ आणि श्रावणबाळाची कथा तुम्हांला माहीत आहे. दशरथ शब्दवेधी होता, नुसत्या आवाजावर अचूक बाण मारणारा. अंधारात नदीवर घागर बुडल्याचा बुडबुड आवाज त्याने ऐकला, पाण्यावर जनावर आले असे समजून बाण सोडला, आणि तो अगदी अचूक लागला. त्याच्या कौशल्यात उणे काहीच नव्हते. लक्ष्य काय आहे ते न पाहता त्याने दोरी सोडली, आणि सुटलेला बाण परत बोलावता येत नाही. बाणाला वाटेत वेळ लागतो, आणि त्या वेळात जग बदललेले असू शकते, हे आपण आताच सेकंदाच्या शतांशांत मोजले.

आजच्या रानातला बाण

महाराष्ट्रात आज प्राण्यावर दुरून टोकदार वस्तू मारण्याचे काम कायद्याने मुख्यतः एका कारणासाठी होते: प्राण्याला वाचवण्यासाठी. वस्तीत शिरलेला गवा किंवा अडकून पडलेला बिबट्या यांना बेशुद्ध करून हलवावे लागते. वनखात्याबरोबरचे पशुवैद्य औषध भरलेली सुई एका खास बंदुकीतून मारतात. ही सुई दाबलेल्या वायूच्या जोरावर सुटते आणि तिचा वेग ध्वनीपेक्षा पुष्कळ कमी असतो. म्हणजे आपल्या भेकराचे गणित येथे जसेच्या तसे लागू पडते. आवाज आधी, सुई मागून. प्राणी दचकला, वळला, तर मांडीच्या जाड स्नायूसाठी सोडलेली सुई पोटात किंवा हाडावर बसू शकते. लांबून मारावे तर हा धोका. फार जवळून जास्त दाबाने मारावे तर सुई खोल घुसून इजा करते. म्हणून पशुवैद्य आधी अंतर मोजतात, त्यानुसार दाब ठरवतात, आणि प्राणी शांत उभा राहण्याची वाट पाहतात. भोवती गर्दी नसणे हे त्यांच्या दृष्टीने औषधाइतकेच महत्त्वाचे.

डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात एक गवा शिरला होता. बघ्यांची गर्दी जमली, आरडाओरडा झाला, आणि गवा कित्येक तास गल्ल्यांतून धावत राहिला. शेवटी त्याला बेशुद्ध करून पकडले, पण तो वाचला नाही. घाबरून फार वेळ धावलेल्या प्राण्याचे स्नायू आणि हृदय इतके थकते, की पकडल्यानंतरही जीव जाऊ शकतो. हरणांत तर हा धोका विशेष मोठा असतो.

म्हणून चितळांचे कळप एका जंगलातून दुसऱ्यात न्यायचे असतील तेव्हा एकेकाला सुई मारत बसण्याऐवजी ‘बोमा’ नावाची आफ्रिकेतून आलेली पद्धत वापरतात. मध्य प्रदेशात पेंचच्या जंगलातून चितळे अशीच हलवली गेली. एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला निमुळते होत जाणारे, नरसाळ्याच्या आकाराचे कुंपण उभारायचे आणि ते कापडाने व गवताने झाकून टाकायचे. पलीकडचे दिसत नसल्यामुळे हरणांना ती भिंत वाटते आणि ती तिला धडकत नाहीत. काही दिवस आत चारा ठेवून त्यांना जागेची सवय होऊ द्यायची. मग निमुळत्या टोकाशी मालमोटार लावायची, तिच्या तळाशी गवत अंथरायचे, आणि कळपाला हळूहळू पुढे सरकवायचे. चितळे आपल्या पायांनी चढून आत जातात. या सगळ्या कामात माणसांनी एकमेकांशी मोठ्याने बोलायचे नसते.